पिवळ्या सोंगट्या

जबलपुरातल्या आमच्या घरात सकाळच्या चहाला उकळी यायच्या आधी मैत्रेयीचा आवाज येतो. बाई स्वतः पुण्यात, आवाज मोबाईलमध्ये. "सुप्रभात, अश्वजीतजी! कालचा फोटो पाहिला. काय देखणी आहे हो तुमची गाडी!" आणि आमचे हे, म्हणजे अश्वजीत, गालाला दाढीचा साबण तसाच ठेवून तो निरोप दोनदा ऐकतात. मी स्वयंपाकघरातून दहा हाका मारल्या तरी यांना ऐकू येत नाही. डॉक्टरला कान दाखवा म्हणून मी मागे लागले होते. आता नाही लागत. कानांना काही झालेलं नाही.

गाडी म्हणजे ट्रक. जुना, लांब नाकाचा फार्गो. माझे सासरे नारायणराव हा ट्रक नागपूर-जबलपूर रस्त्यावर चालवायचे. वय झाल्यावर त्यांनी तो घमापुरातल्या एका लाकूड कापणाऱ्या आरामशीनवाल्याला विकला. सासरे गेले, आरामशीन बंद पडली, ट्रक मात्र लाकडाच्या भुशात रुतून उभा राहिला. यांची सगळी नोकरी फॅक्टरीत लष्कराचे ट्रक जोडण्यात गेली. रिटायर झाले आणि लगेच बापाचा ट्रक विकत घेऊन, ओढून, घरासमोरच्या मोकळ्या जागेत आणून उभा केला. मला वाटलं होतं, रिटायर झाल्यावर आम्ही दोघं भेडाघाटला जाऊ, नावेत बसू. "भेडाघाट तर इथंच आहे, कधी पण जाऊ," असं म्हणता म्हणता संसार संपत आला.

आता हे सकाळी ट्रकखाली शिरतात ते जेवायलाच बाहेर येतात. त्याची काच पुसतात ती अशी हळुवार की बघणाऱ्याला लाज वाटावी. माझ्या स्वयंपाकघरातला नळ दिवाळीपासून गळतोय. एकदा म्हटलं, "अहो, त्या नळाचं वायसर बदलून द्या ना." तर म्हणाले, "करून राहिलो ना, भावना," आणि पाना घेऊन ट्रककडे गेले.

मी जळते. उगाच आडपडदा कशाला? आमची पायल इंदूरला नोकरीला आहे. तिला मराठी सगळं समजतं, बोलायला लागली की हिंदीवर घसरते. ती फोनवर हसत सुटली, "मम्मी, तू ट्रक से जल रही है?" मी म्हटलं, ट्रकशी माझं काही भांडण नाही. ट्रक बिचारा सुप्रभात म्हणत नाही.

ही मैत्रेयी यांना जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या ग्रुपवर भेटली. तिचे स्वतःचे दोन जुने ट्रक आहेत म्हणे. फोटोत खाकी पँट, बारीक कापलेले केस, हाताला ग्रीस आणि तरी हसतेय. वय काय असेल, असं मी सहज विचारलं. "असेल पंचेचाळीस," हे इतक्या पटकन म्हणाले की मला कळलं, हा हिशोब आधीच होऊन बसलाय. तिच्याशी बोलायला लागल्यापासून यांची भाषाही बदलली. "काहून"चं "का बरं" झालं. एके दिवशी जेवताना मला म्हणाले, "भाजी अप्रतिम झालीये." लग्न झाल्यापासून आमच्याकडे भाजी फक्त चांगली व्हायची. ती भाजी मी पुन्हा महिनाभर केली नाही.

तरीही हे सगळं मी गिळलं असतं. पण सीटची गोष्ट झाली.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर याच ट्रकवर ठेवायची, असं वस्तीतल्या लोकांनी ठरवलं होतं. नारायणरावांच्या काळी तसंच व्हायचं. ट्रक हे चालवणार, हे उघड होतं. शेजारच्या सीटवर कोण बसणार, ते मी ट्रक दारात आला त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. पांढरी साडी काढून, इस्त्री करून, कपाटात वेगळी ठेवली होती. आणि एका संध्याकाळी यांचा आवाज कानावर आला. मोबाईल अगदी ओठांशी नेऊन म्हणत होते, "मैत्रेयीजी, जयंतीला तुम्ही याच. पुढच्या सीटचा मान तुमचा." मी कणीक मळत होते. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या. सगळ्यांनी वाखाणल्या.

तिचं उत्तर आलं, "बघू या, सुट्टी मिळणं कठीण दिसतंय." तेवढं ऐकून मला जरा झोप लागली.

आता मिरवणुकीत ट्रक चालवायचा तर तो थांबायलाही हवा. इंजिन सुरू झालं होतं, ब्रेक नव्हते. ब्रेकचं तेल ज्या बारीक नळ्यांतून चाकांपर्यंत जातं, त्या नळ्या सडल्या होत्या. त्या यांनी नव्या घातल्या. पण नळीच्या टोकाला एक पितळी नट असतो, तो आवळला की जोड पक्का होतो आणि तेल गळत नाही. जुने बरेचसे नट यांनी घासूनपुसून वाचवले, चार मात्र खोलताना फुटले. एवढा मोठा ट्रक बोटाच्या पेराएवढ्या चार नटांपायी अडून बसला.

हे घमापुरातून नवे नट घेऊन आले. दोन आटे फिरले आणि नट अडकला. यांनी पान्यानं जोर लावायला सुरुवात केली. फॅक्टरीतल्या गाड्यांचं सगळं माप मिलिमीटरचं. इथल्या अर्ध्या फिटरांच्या हाताला तीच सवय, डोळे मिटून नट उचलतील तो मिलिमीटरचाच. मग फोटो पुण्याला गेला आणि उत्तर आलं, "थांबा, थांबा, अश्वजीतजी! फार्गोचे आटे इंची असणार. जोर लावाल तर जोड कायमचा जाईल." यांनी कपाळावर हात मारला आणि खो खो हसले. "पाहा भावना, काय चूक करून राहिलो होतो मी!" यांची चूक मी दाखवली की घरात दोन दिवस अबोला असतो.

मग इंची नटांचा शोध सुरू झाला. दुकानं झाली, भंगारवाले झाले. बडा फुहारा चौकातला एक म्हातारा दुकानदार तर यांना म्हणाला, "भैया, ये नट अब हमारे पिताजी के पास मिलेगा. ऊपर." हे रिकाम्या हातानं घरी येत, फुटलेला नट ओसरीच्या खिडकीत ठेवत आणि त्याच्याकडे बघत बसत.

दुपारी ओसरीवर माझा आणि सासूबाईंचा अष्टचंगचा डाव असतो. सासूबाई म्हणजे भीमाबाई. डोळ्यांनी कमी दिसतं, पण डावात लबाडी करायची सोय नाही. फरशीवर खडूनं घरं आखायची, चिंचोके घासून त्यांचे फासे करायचे. माझ्या सोंगट्या बांगडीचे तुकडे. त्यांच्या सोंगट्या पितळेच्या, चार, बोटं लागून लागून सोन्यासारख्या झालेल्या. "पिवळ्या माह्या," हे त्यांचं डाव मांडतानाचं पहिलं वाक्य. त्यांना कुणी हात लावलेला चालत नाही, पायलला लहानपणी एकदा धपाटा बसला होता.

त्या दुपारी डाव रंगला होता. समोरच्याची एक सोंगटी मारल्याशिवाय आपल्याला आतल्या घरात जाता येत नाही, असा नियम. मला त्यांची एकही मारता आली नव्हती, माझे बांगडीचे तुकडे बाहेरच्या बाहेर फिरत होते. सासूबाईंचा हात टेकायला म्हणून खिडकीवर गेला आणि त्यांच्या बोटांना तो नट लागला. त्यांनी तो चाचपला. मग एकदम चिडून म्हणाल्या, "भावना! माही सोंगटी कोनं फोडली व?"

मी पटावर पाहिलं. चारही पिवळ्या जागच्या जागी. त्यांच्या हातातला नट घेतला, पटावरची एक सोंगटी उचलली, दोन्ही शेजारी धरल्या. तेच सहा कडांचं डोकं, खाली तेच बारीक आटे, मधून तसंच आरपार भोक. एक फुटलेला, एक कोरा.

हे समोर ट्रकपाशीच होते. "अहो..." म्हणून मी हाक मारणार, तेवढ्यात तिकडून आवाज आला. "मैत्रेयीजी, खरं सांगू का, तुमच्याशी बोललो की बरं वाटतं."

मी तोंड मिटलं. चारही सोंगट्या बिस्किटाच्या डब्यात टाकल्या आणि डबा तांदळाच्या पिंपामागे सरकवून आले. सासूबाईंना म्हटलं, "आई, आजपासून तुम्ही पण बांगडीच्याच घ्या. पितळेच्या जरा राखेनं घासायला काढल्या आहेत." त्यांनी बांगडीचे चार तुकडे चाचपून वेचले. मग म्हणाल्या, "खेळू ना."

पुढचे दिवस माझे फार सुखात गेले. हे घामाघूम होऊन परत यायचे आणि मी विचारायची, "मिळाला का हो?" आवाजात इतकी काळजी की माझं मलाच कौतुक वाटे. तांदूळ काढताना एकदा डबा हलवून पाहायची. आत खुळखुळ वाजलं की पोटात गार वाटायचं. नट नाहीत तर ब्रेक नाही, ब्रेक नाही तर मिरवणूक नाही, आणि मिरवणूक नाही तर मानाची सीटही नाही. बसा म्हणावं पुण्यात.

पण एक गोष्ट माझ्या हिशोबात नव्हती. नट मिळेनात तसे यांचे पुण्याचे फोन वाढले. पूर्वी सकाळी एकदा सुप्रभात व्हायचं, आता दुपारी आणि संध्याकाळीही व्हायला लागलं. आणि जयंती तोंडावर आल्यावर एका सकाळी आवाज आला, "अश्वजीतजी, आनंदाची बातमी! माझ्या जुन्या सामानात चार नट सापडले, अगदी तुमच्याच मापाचे. कुरिअरवर माझा विश्वास नाही. सुट्टी टाकली आहे, मी स्वतःच घेऊन येते. आपण मिळून बसवू!"

आपण मिळून.

हे लहान मुलासारखे उभ्या उभ्या नाचले. आणि मी हातात गाळणी घेऊन तशीच उभी. सुट्टी मिळत नाही म्हणणारी बाई आता येणार होती, आणि तिला आणलं कुणी? मी. तो डबा लपवला नसता तर ती पुण्यात फोटो बघत बसली असती. आपल्याच हातानं मी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

ती पुण्याहून रेल्वेत बसल्याचा निरोप आला, तशी मी स्वयंपाकघरात पळाले. ती पोचायच्या आत नट यांच्या हातात पडायला हवे होते. पिंप सरकवलं, डबा उघडला. डबा रिकामा.

"ते शोधून राहिली का?" मागून आवाज आला. सासूबाई दाराला धरून उभ्या होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली. चारही पिवळ्या आत होत्या.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"डोळे गेले माहे, डोकं नाही गेलं. फुटका नट हातात घेतला तवाच समजलं. पोरगा काय शोधून राहिला, ते काय मले ऐकू येत नाही?"

"मग तुम्ही बोलल्या काहून नाही?"

त्या पाटावर बसल्या. सोंगट्या ओंजळीत धरून म्हणाल्या, "हे नट या घरात कसे आले, तुले माहीत आहे का? तुह्या सासऱ्यानं नवे आणून टूलबॉक्समध्ये ठेवले होते. म्या चोरले."

मी पिंपाला पाठ टेकून खाली बसले.

"लग्न नवं होतं. हा मानूस महिना महिना रस्त्यावर. घरी आला का गाडी धुवत बसे. मले वाटे, मी काहून नाही झाली ट्रक. एकदा त्याच्या ब्रेकचा नट फुटला. म्या म्हटलं, दुसरा नट नाही भेटला तं राहीन चार दिवस घरी. काढून पदरात बांधले. डाव मांडून ठेवला, चिंचोके घासून ठेवले. त्याले खेळायचा लय शौक होता ना."

"मग? राहिले बाबा घरी?"

"कुठचं! नट शोधत कटनीले गेला. तिथून सतन्याले गेला. घेऊन आला, बसवला, आन् तसाच निघून गेला. चार दिवस म्या एकटीच दोन्ही बाजूनं खेळली." त्या हसल्या, पण नीट हसू आलं नाही. "परत ठेवायची हिंमत नाही झाली, तं सोंगट्या केल्या. भावना, गाडी अडली म्हनून मानूस घरात येत नाही. तो गाडीखालीच जाते. तू दे त्याले. आन् नुसती देऊन येऊ नको. तिथंच उभी राय."

मी त्यांच्याकडून सोंगट्या घेतल्या. माझ्या सासूनं आयुष्यात मला पुष्कळ सांगितलं, मी निम्मं ऐकलं. हे मात्र पूर्ण ऐकलं.

हे ट्रकखाली होते. मी वाकून हात पुढे केला. यांनी नट पाहिले, एक जुन्या जोडाला लावून फिरवला. नट सहज आत गेला, शेवटच्या आट्यापर्यंत. हे खालून सरपटत बाहेर आले. डोळ्यांत पाणी. "कुठून आणले?"

"आईंच्या डावातले आहेत."

ओसरीवरून सासूबाई ओरडल्या, "म्हातारीच्या ध्यानात नव्हतं रे!" खोटं बोलायला वय आड येत नाही.

यांनी नटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मोबाईल काढला. "थांब, मैत्रेयीजींना सांगतो आधी."

मी तिथून तरातरा निघून जाणार होते. पाय उचललाही होता. पण तिथंच उभी राय, असं सांगितलं होतं ना. मी मडगार्डला धरून उभी राहिले आणि फोन पूर्ण ऐकला. ती म्हणाली, "अरे वा! पण मी तर निघालेय. येतेच!"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नट बसले, नळ्या जोडल्या गेल्या. मग हे म्हणाले, "आता लाईनमधली हवा काढायची. दोन माणसं लागतात. एक खाली, एक पेडलवर. मैत्रेयीजी येतीलच संध्याकाळपर्यंत, मग..."

"मी आहे ना," मी म्हटलं.

"तुला नाही जमणार, भावना. जोर लागतो."

"घागरी उचलून उचलून जन्म गेला माझा. काय करायचं ते सांगा."

यांनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं, ते मी मोजत बसले नाही. मग दार उघडून मला ड्रायव्हरच्या सीटवर चढवलं आणि समजावून सांगितलं. 'दाब' म्हटलं की पेडल दाबायचं. 'धर' म्हटलं की दाबलेलं तसंच ठेवायचं. ते खालून चाकाजवळचा छोटा स्क्रू सैल करतील, पेडल एकदम खाली जाईल, तरी पाय काढायचा नाही. पाय काढला तर हवा परत आत शिरते आणि सगळी मेहनत पाण्यात. "आणि मिरवणुकीत उतारावर एवढी माणसं असणार," हे म्हणाले, आणि खाली शिरले.

मी स्टिअरिंग धरून बसले. उंचावरून आमची गल्ली वेगळीच दिसत होती. शेजारची सीट मोकळी होती, यांनीच नवं रेक्झिन लावून शिवलेली. मी कमरेचा रुमाल काढला आणि बसमध्ये जागेवर टाकतात तसा त्या सीटवर टाकला.

"दाब." दाबलं. "धर." धरलं. पेडल पायाखाली घसरत खाली गेलं, मी दात आवळून बसले. "सोड." खालून येणारा आवाज माझ्या तळव्यालाच येऊन लागत होता. "दाब. धर. सोड." यांची भाषाही जागेवर आली. "बरोबर करून राहिली, भावना. अजून हवा आहे. दाब."

तिसऱ्या चाकावर होतो तेव्हा ऑटो येऊन थांबला. ती उतरली. फोटोपेक्षा चांगली दिसत होती, हे सांगायला मला आवडत नाही, पण दिसत होती. पाठीला बॅग, हातात एक छोटी लाकडी डबी. "नमस्कार, वहिनी! अय्या, तुम्ही हवा काढताय? उतरा, उतरा, दमला असाल. मला सवय आहे याची."

"धर," खालून आवाज आला. मी धरलं.

"मला आत्ता पाय काढता येत नाही," मी म्हटलं.

"बरं, मग मी शेजारी बसते, तुम्ही थकलात की बदलू." ती पलीकडून आली, दार उघडलं, एक पाय वर ठेवला आणि थांबली. "इथं कुणी बसलंय का?"

"हो."

"कोण?"

"मी. चौदा तारखेला."

तिनं रुमालाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बाई हुशार होती, समजायला तिला वेळ लागला नाही. तिनं पाय खाली घेतला आणि दार इतकं हळू लावलं की मला तिचा पुन्हा राग आला. असलं चांगलं वागणारी माणसं मला त्या क्षणी नको होती.

"ओसरीवर आई आहेत," मी म्हटलं. "त्यांचा डाव अडलाय. सोंगट्या नाहीत त्यांच्याकडे, चार लागतात."

तिनं हातातल्या डबीकडे पाहिलं आणि ओसरीकडे गेली. जरा वेळानं सासूबाईंचा आवाज आला, "दाखव पाहू. आं... पिवळ्या आहेत का? मंग माह्या."

"भावना, कोणी आलं का?" खालून यांनी विचारलं.

पेडल खालपर्यंत गेलेलं होतं. पोटरी थरथरत होती.

"येऊ द्या कोणी आलं तर," मी म्हटलं. "तुम्ही हवा काढा."

"हो, हो. धरून ठेव. सोडू नको बरं."

"नाही सोडत," मी म्हटलं, आणि पाय आणखी दाबला.